सरकारने पाणी सोडलं

१

घोडी आडवी झालीय हे सकाळी सातला कळलं. ती कधीपासून तशी पडून होती, हे मात्र कुणालाच सांगता आलं नाही.

फोन आला तेव्हा घोड्यांच्या डॉक्टरबाई लेकीला भरवत होत्या. “सरकार आडवी झालीय, लगेच या,” एवढंच म्हणून मालकीणबाईंनी फोन ठेवला. आठ महिन्यांच्या ठमीला आज कुणी सांभाळायचं, या वादात पडायला वेळच नव्हता. डॉक्टरबाईंनी ठमीला सासूबाईंकडे दिलं आणि सासूबाईंना ठमीसकट गाडीत बसवलं.

“सरकार म्हणजे कोण गं? मोठी असामी का?” सासूबाईंनी वाटेत विचारलं.

“घोडी आहे, आई.”

“मग ठीक. माणूस असता तर केस तरी विंचरून घेतले असते.”

घोडेस्वारीच्या त्या शाळेत बारा घोडे होते, पण सरकार एकच. राखाडी रंगाची, सोळा वर्षांची. तिच्या मनात नसेल तर भल्याभल्यांना पाठीवर जीन चढवू द्यायची नाही. पण पहिल्यांदा घोड्यावर बसणारं घाबरट पोर पाठीवर आलं, की डोक्यावर काठोकाठ भरलेली घागर असावी तशी जपून चालायची. शहरातली निम्मी मुलं तिच्या पाठीवर धीट झाली होती.

तबेल्याच्या फाटकाशी एक पत्र्याची ट्रंक ठेवली होती, तिच्यावर गुंडाळलेलं अंथरूण. शेजारी मोतद्दार उभे होते. घोड्यांची देखभाल बावीस वर्षं एकट्याने करणाऱ्या या माणसाला सगळे मामा म्हणत. डॉक्टरबाईंना पाहून ते एक पाऊल पुढे आले आणि थांबले.

“मला आत यायची बंदी आहे, बाई,” ते म्हणाले. “पाचच्या बसने जायचंय. तेवढं... ती उभी राहिली की मला कळवाल का?”

आतून मालकीणबाई आल्या. रडून डोळे लाल झालेले. मागोमाग त्यांचे धाकटे दीर. त्यांना सगळे भाऊजीच म्हणत. शाळेतलं प्रत्येक दार, नळ आणि बिजागरी आपल्या हाताने दुरुस्त करायची त्यांना हौस. त्यांच्या हातात एक बादली होती.

“गवताच्या भाऱ्यामागे लपवलेली सापडली,” भाऊजी म्हणाले. “तळाला बघा.”

तळाशी पांढरा साका वाळून बसला होता.

“विष,” भाऊजी म्हणाले. “आणि बादली कुणाची, तर मामांची.”

२

डॉक्टरबाईंनी बादलीकडे नंतर पाहायचं ठरवलं. आधी घोडी.

सरकार ठाणात, म्हणजे तिच्या उभं राहायच्या जागेत, कुशीवर पडली होती. केवढं ते शरीर! दहा वर्षं या धंद्यात काढूनही जमिनीवर पडलेला घोडा पाहायची डॉक्टरबाईंना सवय झाली नव्हती. आडवा झालेला डोंगरच तो. सरकारने मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि मग डॉक्टरबाईंकडे. त्या नजरेत तक्रार नव्हती. काय झालंय ते तुम्हीच ओळखा, एवढंच होतं.

डॉक्टरबाई गुडघ्यांवर बसल्या. ओठ उचलून हिरडी दाबली. बोट उचलताच तिथे गुलाबी रंग परत यायला हवा, तो तीन श्वास आला नाही. हिरडी ओली हवी, ती बोटाला चिकटली. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर तिची घडी तशीच राहिली. जबड्याखालची नाडी छप्पन्न. एरवी सरकारचं काळीज मिनिटाला चौतीसदा वाजायचं, देवळातल्या घंटेसारखं सावकाश.

मग त्यांनी बरगडीमागे पोटाला कान लावला. निरोगी घोड्याच्या पोटात एक अख्खं जग चालू असतं. गुरगुर, खळखळ, लांबवर ढग गडगडावेत तसं काहीतरी. ज्याने एकदा ते ऐकलं तो विसरत नाही. आज आत शांतता होती. सुट्टीच्या दिवशीच्या शाळेसारखी.

कोपऱ्यात लीद होती. चारच गोळे, लहान, कोरडे, वर शेंबडासारखा पापुद्रा.

आता बादली. डॉक्टरबाईंनी पांढऱ्या साक्यावर बोट फिरवलं, हुंगलं आणि जिभेला लावलं. मालकीणबाईंचा हात तोंडाकडे गेला.

“मीठ आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि थोडा कोंडा. घोड्याने पाणी प्यावं म्हणून घालतात. विष देणारा माणूस तहान लागायचं औषध कशाला देईल?”

“पण ती पडली तर खरी,” भाऊजी म्हणाले.

“पडली. पोटात चारा सुकून बसलाय. विष असतं तर अंग थरथरलं असतं, डोळ्यांच्या बाहुल्या बदलल्या असत्या. हे एका दिवसाचं काम नाही, पाच-सहा दिवसांचं आहे.” त्यांनी समोर बोट दाखवलं. ठाणाच्या तोंडाशी लोखंडी खांबावर पत्र्याचं नवंकोरं पाण्याचं कुंड बसवलेलं होतं, काठापर्यंत भरलेलं. पाणी कमी झालं की त्यातला तरंगता गोळा खाली जायचा आणि कुंड आपोआप भरायचं. त्याच खांबावर वर मोठा पंखा घोंघावत होता.

“ही घोडी तहानेने पडलीय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “भरलेल्या कुंडासमोर.”

३

तासाभराने सरकारला कशीबशी उभी केली, नाकातून नळी घालून पोटात तेल आणि कोमट पाणी सोडलं, वैरण काढून घेतली. संध्याकाळपर्यंत लीद पडली तर घोडी वाचली. नाही पडली, तर पुढचं डॉक्टरबाईंनी बोलून दाखवलं नाही.

“तहानेने?” मालकीणबाईंना ते पचत नव्हतं. “अहो, दिवसातून तीनदा तिला पाणी दाखवायची शिस्त आहे इथे. हा फळा बघा.”

भिंतीवर काळा फळा होता. आडव्या ओळीत वार, उभ्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ. प्रत्येक रकान्यात मामांचं ठसठशीत, पोराच्या वहीतल्यासारखं अक्षर. डॉक्टरबाईंनी वरवर नजर फिरवली. कालपर्यंतचे रकाने सगळे भरलेले होते.

“म्हणजे मामा खोटं लिहीत होते, नाहीतर पाण्यात काहीतरी आहे,” मालकीणबाई म्हणाल्या. “भाऊजी म्हणतात, या कुंडाचा मामांना राग होता. बारा ठाणांत बारा कुंडं बसली की बादल्या वाहायचं काम संपलं, मग मामांचं काय काम? म्हणून घोडीला बिघडवून खापर कुंडावर फोडायचं. मला खरं वाटत नव्हतं. पण ती लपवलेली बादली...”

“पाणी चांगलं आहे,” भाऊजी मध्येच म्हणाले. “मी पिऊन दाखवतो.”

ते गमबूट वाजवत कुंडाशी गेले. तिथली फरशी धुऊन ओलीच असायची, म्हणून तबेल्यात सगळेच गमबूट घालत. “आवाज फार करतो हा,” असं म्हणत त्यांनी आधी पंख्याचं बटण बंद केलं, मग ओंजळभर पाणी घेऊन प्यायले.

पंख्याची पाती मंदावली, थांबली. आणि डॉक्टरबाईंनी पाहिलं, इतका वेळ मान टाकून उभ्या असलेल्या सरकारचे दोन्ही कान एकदम पुढे आले. तिने नाकपुड्या फुगवल्या, कुंडाच्या दिशेने एक पाऊल टाकलं.

“उकडतंय हो तिला,” म्हणून मालकीणबाईंनी बटण पुन्हा लावलं. कान मागे गेले. पाऊलही.

डॉक्टरबाईंनी ते मनात टिपून ठेवलं. का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

“कुंड बसवलं कधी?”

“गेल्या शनिवारी. पंखाही त्याच दिवशी. आठवडाभर या एका ठाणात चाचणी,” भाऊजी म्हणाले. “या ठाणात बादली दिसली तर खपवून घेणार नाही, असं मी मामांना बजावलं होतं. चाचणी म्हणजे चाचणी. तुम्हीच तर मागच्या महिन्यात म्हणालात, आपोआप भरणारं कुंड चांगलं.”

ते खरं होतं. डॉक्टरबाईंनी ओठ चावला.

“शनिवारी आणखी काय झालं?”

“नालबंद आला होता,” मालकीणबाई हळूच म्हणाल्या. “सरकारला चारही पायांत नवे नाल. आणि जाताना आमचं थोडं वाजलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावीन.”

नालबंद बाहेरच होता. शेजारच्या तबेल्यातलं काम टाकून सरकारला बघायला आला होता. त्याला विचारायची वेळच आली नाही.

“आलं का माझ्यावर? बरोबर आहे, चोर सोडून संन्याशाला फाशी. या, खूर तपासा.” त्याने सरकारचा पाय मांडीवर घेतला. डॉक्टरबाईंनी खुराला हात लावला. थंड. नालाचे खिळे नेमके बसलेले, टोकं घासून गुळगुळीत.

“काम चोख आहे,” त्या म्हणाल्या.

“चोख नसायला काय झालं? मंगळवारी बाकीच्या घोड्यांचे खूर घासायला येणार होतो, पण दिवसभर वीज नव्हती या भागात. माझं घासायचं यंत्र चालेना. तेव्हा गप्पा मारून गेलो मामांशी. मामा खुशीत होते त्या दिवशी. आठवड्यातून तेवढे एकदाच.”

“मंगळवारी खुशीत? का?”

“ते कुठे बोलतात? घोड्यांशी बोलून उरलं तर माणसांशी.”

डॉक्टरबाईंनी एक स्वच्छ प्लास्टिकची बादली घेतली, गमबूट घालून कुंडाशी गेल्या आणि कुंडातलंच पाणी बादलीत काढलं. ती बादली त्यांनी ठाणापासून दूर, अंगणात उन्हात ठेवली. सरकारला हळूहळू तिथवर आणलं.

सरकारने बादली हुंगली. मग खाली मान घातली आणि दोनच घोट घेतले.

तेच पाणी.

४

“घोडं कुठे पेंड खातं ते शोधतेय,” दुपारी जीन-लगाम ठेवायच्या खोलीत टेकत डॉक्टरबाई म्हणाल्या. “पाण्यात खोट नाही. घोडीच्या घशात खोट नाही. खुरात नाही. तरी भरल्या कुंडाला ती तोंड लावत नाही. आणि पाचला तो माणूस बसमध्ये बसणार.”

सासूबाई चामड्याच्या वासात, खोगिरांच्या रांगेखाली मांडी घालून बसल्या होत्या. मांडीवर ठमी एका जुन्या लगामाचा पट्टा चोखत होती.

“तोंडात काय हे, आई?”

“तिला आवडलंय. बाटलीपेक्षा बरं लागत असेल.”

“अकराला पाजलंत ना तिला?”

“बाटली दाखवली,” सासूबाई म्हणाल्या. “प्यायली नाही. तोंड फिरवलं. आता मी पाजलं म्हणून सांगू शकते, पण सूनबाई, दाखवणं वेगळं, पाजणं वेगळं आणि पिणं वेगळं. तीन पोरं वाढवलीत मी. पोटात काय गेलं ते बाटलीला विचारायचं नसतं, पोराला विचारायचं.”

डॉक्टरबाई उठल्या. तडक फळ्याकडे गेल्या.

मघाशी त्यांनी रकाने भरलेले आहेत एवढंच पाहिलं होतं. आता त्यांनी शब्द वाचले. शनिवारी सकाळी: प्यायली. शनिवारी संध्याकाळी: दाखवलं. रविवारी तिन्ही वेळा: दाखवलं. सोमवारी: दाखवलं, दाखवलं, दाखवलं. मंगळवारी तिन्ही वेळा: प्यायली. बुधवारपासून पुन्हा: दाखवलं.

या घरात जनावराला पाणी देण्याला पाणी दाखवणंच म्हणत. सगळेच म्हणत. त्यामुळे वाचणाऱ्याला दोन्ही शब्द एकच वाटले. लिहिणाऱ्याला ते एक नव्हते.

डॉक्टरबाई फाटकाशी गेल्या. मामा ट्रंकेवर बसले होते, हातात सरकारचं अंग घासायचा खरारा. तेवढा एक त्यांनी परत दिला नव्हता.

“मामा, फळ्यावर तुम्ही खोटं एक अक्षर लिहिलं नाहीत.”

“नाही,” मामा म्हणाले. “दाखवलं तेव्हा दाखवलं. प्यायली तेव्हा प्यायली.”

“पण कुंड तर आपोआप भरतं. पाणी कमी झालेलं दिसतच नाही. ती प्यायली हे तुम्हाला कळलं कसं?”

मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू डॉक्टरबाईंनी सूर्य कुठून उगवतो ते विचारलं.

“कान मोजतो,” ते म्हणाले. “घोडं पाणी पितं ना, तेव्हा दर घोटाला कान हलतात. घोट खाली उतरला की कान मागे. पुढचा घोट, कान पुढे. गळ्याकडे बघायला नको, कुंडाकडे बघायला नको. ती जन्मली तेव्हा या हातांनी ओढून काढली मी तिला. पहिलं दूध प्यायली तेव्हाचे कान मोजलेत. मंगळवारी सकाळी बासष्ट कान झाले. दुपारी पन्नास. मी म्हटलं, सुटलं एकदाचं. बुधवारी पुन्हा शून्य.”

घोड्यांवरची जाडजाड पुस्तकं वाचून त्यांनी पदवी घेतली होती. आणि इथे एक माणूस सोळा वर्षं कान मोजत उभा होता.

“इतर दिवशी काय करायची ती?”

“कुंडाला ओठ टेकवायची आणि डोकं झटकून मागे व्हायची. मग नुसती बघत राहायची पाण्याकडे. रविवारीच सांगितलं भाऊजींना. म्हणाले, नवं आहे, सवय होईल. मग मी रात्री लपवून एक बादली द्यायचो. मीठ, कोंडा घालून. पण एका बादलीने काय होतंय? तिला पाच लागतात.” मामा थांबले. “तीच बादली सापडली.”

“हे सगळं सकाळी का नाही बोललात?”

“बोललो. पाणीच होतं म्हणालो. पालथ्या घड्यावर पाणी, बाई.”

डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाचार. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं. रबराचे, गुडघ्यापर्यंतचे गमबूट. मामांच्या पायांत तेच. मालकीणबाईंच्या, भाऊजींच्या पायांत तेच.

आणि सरकारच्या पायांत?

“मामा,” त्या म्हणाल्या, “आत चला. बंदी माझ्यावर ढकला.”

५

साडेचारला सगळे सरकारच्या ठाणासमोर जमले. मालकीणबाई, भाऊजी, नालबंद, आणि चार पावलं मागे मामा. सासूबाई ठमीला कडेवर घेऊन दारात आल्या.

“आई, तुम्ही तिथेच थांबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आत यायचं नाही.” आवाजात असं काही होतं की सासूबाई, ज्या सहसा कुणाचं ऐकत नसत, उंबऱ्यावरच थांबल्या.

पंखा घोंघावत होता.

“सरकारने आपल्याला सहा दिवस एकच गोष्ट सांगितली,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिची भाषा एका माणसाला येते, आणि त्याने ती रोज फळ्यावर उतरवली. आपण वाचली नाही. मी पण नाही. बघा, शनिवारी सकाळपर्यंत प्यायली. मग शनिवारी संध्याकाळपासून दाखवलं. मंगळवार सोडून. मंगळवारी ती याच कुंडातून, हेच पाणी प्यायली. तर मंगळवारी असं काय वेगळं होतं?”

नालबंदाने मान खाजवली. “मंगळवारी तर काहीच नव्हतं. वीजसुद्धा...” तो थांबला. वर पंख्याकडे पाहिलं. खाली सरकारच्या पायांतल्या, आपणच ठोकलेल्या चार लोखंडी नालांकडे पाहिलं. “अरे देवा,” तो हळूच म्हणाला.

“पंखा आणि कुंड एकाच लोखंडी खांबावर आहेत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “खाली ओली फरशी. आपण सगळे रबराच्या बुटांत. ती एकटी लोखंडाच्या चपला घालून ओल्या फरशीवर उभी. आपल्याला काहीच जाणवत नाही. तिला ओठ टेकताच काहीतरी डसतं. आणि घोडं बिचारं काय समजणार? पाणी चावतं, एवढंच. सकाळी पंखा बंद झाला तेव्हा तिचे कान पुढे आले. आवाज थांबला की चावणारं गेलं, हे तिने स्वतःच शोधून काढलंय. आपल्यापैकी एकालाही न जमलेलं.”

“हा तर्क झाला,” भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज घट्ट होता. “मी सकाळी सर्वांसमोर त्यात हात घातला. प्यायलो.”

“हो. पण आधी पंख्याचं बटण बंद केलंत.”

“आवाज होतो म्हणून.”

“मग आता आवाज असू दे,” डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. “भाऊजी, बूट काढा आणि हात घाला.”

पंख्याचा घोंघाट अचानक केवढा तरी मोठा वाटला. भाऊजींनी बुटांकडे पाहिलं. कुंडाकडे पाहिलं. पाणी निश्चल होतं, तळाचा पत्रा दिसेल इतकं नितळ.

“भाऊजी?” मालकीणबाई म्हणाल्या.

भाऊजी हलले नाहीत.

“चोराच्या मनात चांदणं,” दारातून सासूबाई पुटपुटल्या.

नालबंदाने आपल्या पेटीतून वीज तपासायचा टेस्टर काढला, त्याच्या मुठीवर बोट ठेवून टोक कुंडाच्या काठाला टेकवलं. मुठीच्या आत एक इवलासा लाल दिवा लागला.

केवढासा तो. साखरेच्या दाण्याएवढा. पण सगळे त्याच्याकडे असे पाहत राहिले, जसे आकाशात काही निघाल्यावर माणसं पाहतात. सहा दिवस सरकार याच दिव्याकडे पाहत उभी होती. आणि तिला सगळे मूर्ख, हट्टी, आजारी, विषबाधा झालेली म्हणत होते.

नालबंदाने जाऊन मुख्य बटण पाडलं. पंखा उतरवला तेव्हा आत तारेचं आवरण खांबाला घासून सोललेलं निघालं, आणि जमिनीत जायची तिसरी तार जोडलेलीच नव्हती. व्यवस्थित गुंडाळून, चिकटपट्टी लावून ठेवलेली.

“रविवारी मला जरा झिणझिणलं होतं,” भाऊजी म्हणाले. ते कुणाकडेच पाहत नव्हते. “चपला होत्या पायात. मला वाटलं, किरकोळ असेल. मग मामा म्हणाले, घोडी पीत नाही. पण तोवर मी बारा ठाणांचं सगळ्यांना सांगून बसलो होतो. आज सकाळी ती पडली, आणि ती बादली सापडली, आणि...”

“आणि सुटलो असं वाटलं,” मालकीणबाई म्हणाल्या.

भाऊजींनी मान हलवली. हो म्हणून.

“या दारात माझी नात आहे,” सासूबाई म्हणाल्या. “अनवाणी पायांची. एवढंच लक्षात ठेवा.” त्यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर भाऊजींना बरं वाटलं असतं.

६

पाचची बस फाटकाशी येऊन, हॉर्न वाजवून निघून गेली. ट्रंक तशीच होती.

अंगणात सरकार उभी होती, मामा तिला हळूहळू फिरवत होते. दहा पावलं जायची, थांबायची, पोटाकडे बघायची. डॉक्टरबाई पुन:पुन्हा तिच्या कुशीला कान लावत होत्या. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा काही नाही. तिसऱ्यांदा, खूप आत, कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं काहीतरी सरकलं. त्यांनी श्वास रोखला. मग एक लांबलचक खळखळ, आणि तिच्यामागे दुसरी. ते बंद पडलेलं अख्खं जग पुन्हा चालू होत होतं, त्यांच्या कानाखाली, एका कातडीपलीकडे.

सरकारने शेपूट उचललं.

लीद पडली. ओली, तेलकट, भरपूर. मालकीणबाईंनी टाळ्या वाजवल्या आणि मग रडू लागल्या. नालबंदाने हसत टोपी काढली.

“हसू नका हो,” सासूबाई म्हणाल्या. “आमच्याकडे तीन दिवसांनी ठमीला झाली तेव्हा शेजारणीला बोलावून दाखवलं होतं हिने.”

“आई.”

“खोटं आहे का?”

डॉक्टरबाईंनी मालकीणबाईंना बाजूला घेतलं. दोन दिवस थोडी थोडी भिजवलेली वैरण, चंदी, म्हणजे दाणा, अजिबात नाही, पाणी कोमट आणि वारंवार. कुंडं हवीच असतील तर वायरमनने तपासल्याशिवाय नाही. आणि कुंड असलं तरी रोज एक बादली मोजून द्यायची. बादली खोटं बोलत नाही.

“हे मी मागच्या महिन्यातच सांगायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “नुसतं चांगलं आहे म्हणाले.”

मग बादल्या आल्या. त्या भाऊजींनी आणल्या. दोन्ही हातांत दोन, काठोकाठ भरलेल्या, सांडत. त्यांनी त्या मामांच्या पुढ्यात ठेवल्या, पाठ सरळ करायला वेळ घेतला, आणि मामांना काहीतरी म्हणाले. काय, ते कुणाला ऐकू आलं नाही. मामांनी फक्त बादली थोडी डावीकडे सरकवली, सरकारला सोयीची पडेल अशी.

सरकारने पाण्याकडे पाहिलं. बराच वेळ. पाण्याने तिला सहा दिवस दगा दिला होता. ती मामांकडे वळली, त्यांच्या छातीला नाक लावलं, फुरफुरली. मग मान खाली घातली. ओठ पाण्याच्या वर केसभर अंतरावर थांबले.

सगळं अंगण थांबलं. ठमीनेही लगामाचा पट्टा तोंडातून काढला.

ओठ टेकले. कान मागे गेले. पुढे आले.

“एक,” मामा म्हणाले.

कान मागे. पुढे.

“दोन,” मालकीणबाई म्हणाल्या. नालबंद तीन म्हणाला. पुढे कुणीच मोठ्याने मोजलं नाही, ओठ तेवढे हलत होते. तिन्हीसांजेच्या उजेडात ते दोन राखाडी कान, मागे-पुढे, मागे-पुढे, इतके नेमके की डॉक्टरबाईंच्या अंगावर काटा आला. सोळा वर्षं हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालू होतं. दाखवणारी होती, बघणारा एकच होता.

एकेचाळिसाव्या घोटाला सरकारने डोकं वर केलं. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं.

मामा फळ्याकडे निघाले, पण मालकीणबाईंनी हात पुढे केला आणि त्यांच्याकडून खडू घेतला. शुक्रवारच्या शेवटच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: प्यायली. मग क्षणभर थांबून, त्याच्याखाली, बारीक अक्षरात, आजवर त्या फळ्यावर कुणीच न लिहिलेला एक शब्द लिहिला.

पाहिलं.